ओटा किती उंच?

(जळगाव येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण पोटगी, मारहाण, सातबाऱ्यावरचं नाव अशा विषयांवर बोललो. आता मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं. हसा. पूर्वी मीही हसलेच असते. पण बाईच्या आयुष्यातले सगळ्यात जास्त तास ज्या खोलीत जातात, ती खोली बांधताना तिला कुणी काही विचारत नाही, ही गोष्ट लहान नाही.

माझं माहेर जळगावजवळच्या खेड्यातलं. धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंती. पुढची उजेडाची खोली पुरुषांची, मधली धान्याची, आणि अगदी मागची, बिनखिडकीची, ती चुलीची. कपाशी निघाली की पऱ्हाट्यांचा ढीग लागायचा, तेच सरपण. पऱ्हाट्या भसकन पेटतात आणि लवकर विझतात, म्हणून चुलीसमोरून उठायची सोय नाही. आई वाकून फुंकणीने फुंकायची, डोळे पुसायची. आम्ही म्हणायचो, आईचे डोळे नाजूक आहेत. डोळे नाजूक नव्हते, खोलीला खिडकी नव्हती. चुलीच्या धुराने फुफ्फुसं खराब होतात, मोतीबिंदूही होतो, हे मला फार उशिरा कळलं. इथून जवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी चूल नि जातं कवितेत आणलं. कवितेत बाईच्या कामाला मान मिळाला, घरात मात्र तिची जागा तीच राहिली, मागची आणि अंधाराची.

धुळ्याला सासरी गॅस आला आणि ओटा बांधायचं ठरलं. गवंडी दारात उभा राहून माझ्या नवऱ्याला म्हणाला, “भाऊ, ओटा किती उंच घेऊ?” मी आत भाकऱ्या थापत होते. नवरा म्हणाला, “घ्या नेहमीसारखा.” नेहमीसारखा म्हणजे ३६ इंच निघाला. माझी उंची चार फूट अकरा इंच. ओट्यावर सहा इंचांची शेगडी, शेगडीवर पातेलं. सतरा वर्षं मी हात खांद्यापर्यंत उचलून भाजी ढवळली. खांदा दुखायचा, मी बाम लावायचे. दोष ओट्याचा असेल, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

आमच्या बचत गटात एक शिवणकाम करणारी बाई आहे. एकदा बैठकीत खांद्याचा विषय निघाला, तर तिने गळ्यातली टेप काढून माझं कोपर मोजलं. जमिनीपासून ३७ इंच. ती म्हणाली, “ब्लाउज मापाचा शिवून घेता, मग ओटा का नाही?” हिशेब सोपा आहे, घरी जाऊन करून बघा. चिरण्या-निवडण्याचं काम कोपराच्या चार-पाच इंच खाली हवं. मळायला, थापायला जोर लागतो, म्हणून ती जागा आणखी तीन-चार इंच खाली. शेगडीखालचा ओटाही तेवढाच खाली, कारण शेगडी स्वतःची उंची वाढवते. म्हणजे माझा ओटा ३२ इंच, भाकरीची आणि शेगडीची जागा २८.

गटातून मी पंधरा हजार रुपये कर्ज उचललं. जो तो म्हणाला, टाइल्स लावा, ग्रॅनाइट बसवा. मी कागद घेतला आणि अंगाला त्रास कशाने होतो त्याची यादी केली, ज्याचा त्रास जास्त ते आधी. पहिली हवा. मागच्या भिंतीत, दरवाज्यासमोर, दोन फुटांची खिडकी पाडली. पत्र्यात एक पारदर्शक पत्रा घातला, दिवसा दिवा लावणं थांबलं. दुसरी उंची. ओट्याचा कडप्पा काढून ठेवला, विटांचे थर उतरवले, तोच कडप्पा परत बसवला. तिसरं पाणी. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. पिंप अंगणात आणि मोरी आत, मधल्या फेऱ्या माझ्या. पिंप मोरीलगत आणलं आणि भांडी घासायची जागा उभ्याने पोचेल इतकी उंच केली. चौथ्या फळ्या, रोजचे डबे गुडघ्याच्या वर आणि डोळ्यांच्या खाली. इथे पैसे संपले. भिंतीला चुना दिला. स्वयंपाकघर चकचकीत दिसत नाही, पण खांदा दुखत नाही.

एक अडचण राहिलीच होती. सासूबाई म्हणाल्या, “आखाजीले खापर कोठे मांडशी, माय?” खरंच होतं. पुरणाच्या मांड्यांचं खापर ओट्यावर मावत नाही. मग मागच्या अंगणात छपराखाली त्यांची चूल ठेवली, मोकळ्या हवेत. नवं करताना जुन्या बाईलाही विचारायचं असतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

न विचारता केलेल्या सुधारणा टिकत नाहीत. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचं मोठं काम हाती घेतलं. हेतू चांगला होता. पण कितीतरी चुलींची तोंडं घरच्या भांड्यांना बसेनात, धुराड्यात काजळी साठली, ती साफ कुणी करायची हे ठरलं नव्हतं. बायकांनी त्या मोडून जुन्या चुली घातल्या आणि अडाणी ठरल्या. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, जोडणी बाईच्या नावे मिळाली. पण टाकी भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. आणि ओटा नसेल तर शेगडी जमिनीवर टाकीशेजारी येते, ते धोक्याचं. शेगडी टाकीपेक्षा उंच हवी. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खालीच साचतो.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटं शुटं-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईने स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं मोजली, वेळ मोजला, सगळं हाताशी आणलं. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. पण खोली जेमतेम सहा फूट बाय अकरा, एकाच माणसापुरती. पुढे तिथल्याच स्त्रीवादी बायकांनी विचारलं, कष्ट कमी केलेत, पण बाईला आत एकटीच का कोंडलीत? म्हणून मी भाकरीच्या जागेशेजारी आणखी एकाला उभं राहता येईल इतकी जागा सोडली. तिथे आता माझा मुलगा कांदा चिरतो. नवरा अजून दारातूनच चहा मागतो. ते काम बाकी आहे.

शेवटचं सांगते. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या गावाकडच्या घराला किमान २५ चौरस मीटर जागा ठरवलेली आहे, त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागाही धरलेली आहे. घर सहसा बाईच्या किंवा दोघांच्या नावे होतं. कागदावर नाव आलं म्हणून गप्प बसू नका. पाया खणायच्या दिवशी टेप घेऊन तिथे उभ्या राहा. खिडकी कुठे, मोरी कुठे, तुम्ही सांगा. आणि गवंड्याने ओटा किती उंच असं दारात विचारलं, तर उत्तर आतून येऊ द्या.