पाचांतील चार ठिपके



दूरचित्रवाणीच्या चित्राविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, असे आपणांस वाटेल. कारण साधे आहे. बोनस हाती पडला की अनेक घरांत प्रथम पडदा नाही तर प्लेअर येतो. घामाचा पैसा कशासाठी मोजला, हे घेणाराला कळले पाहिजे.

‘तबकडी जुनी असू द्या, आमचे यंत्र तिचे चित्र एचडी करील,’ असे विक्रेता सांगतो. या क्रियेला अपस्केलिंग म्हणतात. आपण हिशेब करू. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपके असतात. फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600. बरोबर पाचपट! मग पाचांतील चार ठिपके आले कोठून? ते यंत्राने शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरले. हजेरीपुस्तकातला कोरा रकाना मागच्यापुढच्या दिवसांवरून भरावा, तसेच हे. रकाना भरला म्हणून कामगार त्या दिवशी हजर होता, असे ठरत नाही.

आपल्या आरे-वारेचेच उदाहरण घ्या. गणपतीपुळ्याकडे जाताना चढावरून टिपलेला तो किनारा डीव्हीडीवर आहे. सुरूची बारीक पाने तबकडीवर उमटलीच नसतील, तर ती कोणते यंत्र आणील? इतर हजारो चित्रांवर शिकवलेली नवी यंत्रे पानांसारखे काही रेखाटतात. पण ती आरे-वारेच्या सुरूची पाने नव्हेत.

मग अपस्केलिंग निव्वळ फसवणूक आहे काय? नाही. पडद्याचे सारे ठिपके भरावेच लागतात. प्लेअरने ते काम केले नाही, तर दूरचित्रवाणी संच करतोच. तेव्हा प्रश्न एवढाच, की दोघांत ते बरे कोण करतो? शिवाय जुना व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला 50 अर्धी चित्रे घेई. एकदा विषम रेषा, एकदा सम. तेवढ्यात लाट पुढे सरकलेली असते. दोन अर्धी नीट जुळवली नाहीत, तर लाटेच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. चांगला प्लेअर हे दाते घालवतो, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु घरातला संच तेच काम तितकेच चोख करीत असेल, तर एकाच कामाची मजुरी आपण दोनदा का द्यावी?

म्हणून आम्ही सांगतो, दुकानात स्वतःची तबकडी न्या. घरच्यासारखाच संच लावावयास सांगा. प्लेअर एकदा 576 वर आणि एकदा 1080 वर ठेवून, घरी बसता तेवढ्याच अंतरावरून पाहा. फरक दिसला तर घ्या. नाही तर पैसे खिशात ठेवा. पिवळ्या पिनेची वायर मात्र काढून एचडीएमआय जोडा, कारण त्या एका तारेत रंग व प्रकाश एकत्र येऊन चित्र गढूळ होते.

आणि लग्नामुंजीच्या, गेलेल्या माणसांच्या तबकड्या घरी असतील, त्यांची मूळ आकारातच नक्कल आजच करून ठेवा. तबकडी खराब झाली, तर त्या पाचांतला तो एक खरा ठिपकाही हातचा जाईल.