कॉलेजच्या यादीत पहिलं नाव कोणाचं?

(विहारातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नाही. दहावीनंतर मुलांना कोणत्या कॉलेजात घालायचं, एवढ्यावरच दोन शब्द बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

2022 साली माझी मुलगी दहावी पास झाली. तिला सायन्स घ्यायचं होतं. दोन स्टेशनं पलीकडचं एक कॉलेज तिच्या मनात होतं. तिथली प्रयोगशाळा ती मैत्रिणीबरोबर जाऊन बघून आली होती. पण ऑनलाईन फॉर्म भरताना मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "मोठ्या कॉलेजचं नाव वर टाकलं आणि नाही लागलं, तर हातचं पण जाईल. घराजवळचं पहिलं टाक." पोरीनं बापाचं ऐकलं. पहिल्याच यादीत घराजवळचं कॉलेज लागलं. मी चाळीत पेढे वाटले. नंतर कळलं, तिला हवं होतं ते कॉलेज तिच्यापेक्षा कमी मार्कांवर मिळालं होतं. पण पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. दोन वर्षं तिचे बरेचसे प्रयोग वहीतच झाले. ती मला एका शब्दानं बोलली नाही, तेच मला जास्त लागलं.

बंधूंनो, माझी भीती खोटी होती. संगणक मार्कांप्रमाणे प्रत्येक मुलाची यादी वरून खाली बघत जातो. वरचं नाही लागलं तर त्याखालचं बघतो. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालच्या कॉलेजातला आपला हक्क कमी होत नाही. दहा नावं टाकता येतात. पहिली दोन-तीन मनातली, थोडी अवघड असली तरी चालतील. मधली आपल्या मार्कांना जुळणारी. शेवटची नक्की लागतील अशी. गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी समोर ठेवा. 2025 पासून तर सगळ्या महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश याच पद्धतीने झाले. गावाकडच्या नातेवाइकांनाही हे सांगा.

नाव टाकण्याआधी कॉलेज डोळ्यांनी बघा. प्रयोगशाळा उघडी असते का? तास होतात का? तिथल्याच मुलांना विचारा. अनुदानित तुकडी आहे की विनाअनुदानित, ते विचारा; फीमध्ये फार फरक पडतो. जायला-यायला किती वेळ लागतो ते मोजा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. ऐनवेळी धावपळ होते आणि शिष्यवृत्तीही अडकते.

तथागतांनी कालामांना काय सांगितलं? ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. आपण मात्र शेजारी म्हणाला, साहेब म्हणाले, एवढ्यावर मुलांचं आयुष्य ठरवतो.

बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. मुलगा कुठून येतो, किती वाजता कामावर जातो, याचा विचार त्यांनी कॉलेज काढताना केला. आपण निदान कॉलेज निवडताना तरी करावा.

माझी मुलगी पुढं बी.एस्सी.ला गेली. आता निकाल लागला की रविवारी ती या विहारात बसून वस्तीतल्या मुलांचे फॉर्म भरून देते. आई-बाप शेजारी बसलेले असले, तरी ती पहिला प्रश्न मुलालाच विचारते, "तुला कुठं जायचंय?" 2022 साली माझ्या मुलीला मी तो विचारायला हवा होता. तुम्ही विसरू नका.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय! जयभीम!