पोरांचं मंडळ आणि पक्षाचा झेंडा
(गिरणीच्या फाटकावरील सभेत केलेले भाषण)



आज बोनसवर बोलत नाही. आपली जी पोरंपोरी कॉलेजात जातात, त्यांनी मंडळ काढलं आहे, त्यावर एका पक्षाचा झेंडा लावला आहे, आणि त्यावरून चाळीचाळींतून कुरबूर चालली आहे. "आम्ही साच्यावर हाडं झिजवून फी भरतो ती शिकायला, झेंडे नाचवायला नव्हे," असं आपलेच लोक म्हणतात. म्हणून मंडळाच्या पोरांना घेऊन आम्ही दोन रात्री बसलो. त्यांचं ऐकलं, आमचंही ऐकवलं.

पोरं म्हणतात, 1989 सालापासून अठराव्या वर्षी मत मिळतं. दिल्लीचं सरकार निवडायला आम्ही शहाणे, मग कॉलेजातला प्रतिनिधी निवडायला अडाणी कसे? याला आमच्यापाशी जबाब नव्हता. त्याच 1989 साली मुंबईत कॉलेजच्या निवडणुकीपायी एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने मतपेटीच उचलून नेली. ज्याला मार्क जास्त, तो वर्गाचा प्रतिनिधी! 2016 च्या कायद्याने निवडणूक परत आणली, पण ती कागदावर. 2019 साली घेऊ म्हणाले आणि पुढे ढकलली.

खुन्याला शिक्षा द्या, कोण नाही म्हणतो? पण खुनी दोघे-चौघे आणि मत गेलं लाखांचं, हा कुठला न्याय? एक गडी दारू पिऊन आला म्हणून साऱ्या खात्याची पाळी बंद करतात काय?

आणि न निवडलेला प्रतिनिधी म्हणजे काय, हे गिरणी कामगाराला कुणी शिकवायला नको. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागात, एका धंद्यात एकच युनियन मान्य. कामगाराच्या मनात कोण आहे, हे गुप्त मतदानाने विचारायची सोय नाही. 18 जानेवारी 1982 पासून मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, ते पगारासाठी तर खरेच, पण हा कायदा जावा म्हणूनही. आपल्या बापांनी ज्यासाठी घरची भांडी विकली, तेच आपली पोरं कॉलेजात मागताहेत. त्यांना कोणत्या तोंडाने गप्प बसा म्हणावं?

आता झेंड्याचं. काही शहाणे म्हणतात, मंडळ असू द्या, पण पक्ष नको. ऐकायला गोड आहे. पण गुजरातचं काय झालं ते बघा. डिसेंबर 1973 मध्ये अमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात खानावळीचं बिल वीस टक्के वाढलं. पोरं बिथरली. महागाईने पिचलेला सारा गुजरात त्यांच्यामागे उभा राहिला. गोळीबार झाले, माणसं मेली. 9 फेब्रुवारी 1974 ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला, मार्चात विधानसभाही बरखास्त झाली. खानावळीच्या बिलाने सरकार पाडलं! नवनिर्माण समितीची पोरं सांगत, आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही. ठीक. मग जून 1975 मध्ये निवडणूक झाली आणि जनता मोर्चाचं सरकार आलं. कुणाचा टेकू घेऊन? ज्या चिमणभाईंना पोरांनी खाली खेचलं, त्यांच्याच किमलोप पक्षाचा. 1990 साली तर चिमणभाई पुन्हा मुख्यमंत्री झाले. रक्त पोरांचं सांडलं, खुर्चीचा सौदा पक्षांनी केला, आणि त्या सौद्याच्या वेळी पोरांना कुणी विचारलं नाही. पक्षाला बाहेर ठेवून पक्ष टळत नाही, बाबांनो.

पण पक्षाच्या खिशात बसूनही भागत नाही. मंडळातल्या एका मुलीने हे आमच्याआधी सांगितलं. म्हणाली, मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला पुढाऱ्यांना आम्ही आठवतो. वसतिगृहाच्या पाण्याचं निवेदन घेऊन गेलो की म्हणतात, साहेब दौऱ्यावर आहेत. आम्ही विचारलं, उद्या तुमच्याच पक्षाचा मंत्री झाला आणि त्यानेच फी वाढवली तर? पोरं जरा गप्प झाली. मग एक जण म्हणाला, "मोर्चा काढू. झेंडा हाच असेल, घोषणा त्याच्या नावाची असेल." आम्ही म्हटलं, हे तोंडी नको, ठरावात घाला. त्यांनी घातलं. पक्षाच्या कचेरीतून भुवया उंचावल्या असं कानावर आलं. उंचावू देत.

खरी गोम पैशात आहे. ज्याचा पैसा त्याचा हुकूम, हे मुकादमाच्या हाताखाली राबलेल्याला ठाऊक आहे. सुप्रीम कोर्टाने 2006 साली लिंगडोह समितीच्या शिफारशी मान्य केल्या. त्यांत कॉलेजच्या निवडणुकीत एका उमेदवाराला पाच हजार रुपये खर्चाची मर्यादा आहे, पक्षाचा पैसा घ्यायला बंदी आहे, आणि छापील भित्तीपत्रकं चालत नाहीत, हाताने लिहिलेली लावायची. (पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला असा नियम लावला तर नाके मोकळे दिसतील!) मंडळाने तोच नियम बारा महिने पाळायचं ठरवलं आहे. पक्षाकडून पैसा घ्यायचा नाही, वर्गणीवर चालायचं.

म्हणून पगाराच्या दिवशी पोरं पावतीपुस्तक घेऊन याच फाटकावर उभी राहतील. जमेल ते द्या. पावती हातात पडल्याशिवाय मात्र एक पैसा सोडू नका, आणि वर्षअखेर हिशेब इथल्या फळ्यावर लागला नाही, तर पुढच्या वर्षी खिशात हात घालू नका. हे त्यांच्यासमोरच सांगतो आहोत. ती मागे उभीच आहेत.