दोन लेकरांचे घर



चालकांनी विषय कळवावयास सांगितले तेव्हा आम्ही वरील मथळा लिहून पाठविला. त्यावर विचारणा आली की, पोटमथळा काही आहे काय? पोटमथळा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिचे पाहून महाराष्ट्रात गावोगावी अशा माला निघाल्या. राज्यकारभार, इतिहास, वेदान्त, वाङ्मय यांची उत्तम चर्चा या व्यासपीठांवरून झाली. मध्येच श्रोत्यांतून एखादे मूल रडले, तर वक्ता क्षणभर थांबतो, कपाळाला आठी घालतो आणि पुन्हा मूळ विषयाकडे वळतो. आज ते रडणे हाच मूळ विषय आहे.

आणखी एक खुलासा करावयास हवा. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते व्याख्यात्याचे आदरार्थी बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरीच दोघे आहोत, नवरा आणि बायको. हे टिपण दोघांनी मिळून केले. वाचावयास मात्र एकच जण आला आहे, कारण दुसऱ्याला घरी लेकरांजवळ थांबणे भाग होते. समोर नजर टाकली तर पहिल्या रांगांत पेन्शनर मंडळी दिसतात, मागे नोकरदार, विद्यार्थी, शिक्षक दिसतात. कडेवर मूल घेतलेल्या बाया दोघी-तिघीच आहेत, आणि त्याही दाराशी बसल्या आहेत. मूल रडले तर चटकन बाहेर नेता यावे, हा त्यातला हेतू.

आता विषयाकडे वळू. आमच्या आजीच्या घरी नऊ लेकरे झाली, त्यांतली सहा वाचली. आईच्या घरी चार. आमच्या घरी दोन: थोरली मुलगी पाच वर्षांची आणि धाकटा दीड वर्षाचा. ही उतरण काही आमच्याच घरची नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले तेव्हा समाजाने त्यांच्यावर चिखलफेक केली. पुढे १९५२ साली सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि लाल त्रिकोण खेड्यापाड्यांच्या भिंतींवर जाऊन बसला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर दर स्त्रीमागे १.७ इतका आढळला, म्हणजे दोनच्याही खाली. कर्व्यांचे म्हणणे शंभर वर्षांत सर्वांनी मान्य केले, फक्त कर्व्यांचे नाव घेतले नाही.

लेकरे कमी झाली, तेव्हा आईचे काम हलके झाले असेल, असा हिशेब सहज मनात येतो. तो हिशेब फसवा आहे. सहा लेकरांच्या घरात लेकरे जशी सहा, तसे हातही पुष्कळ होते. आजी होती, काकू होती, विधवा आत्या होती, आणि मुख्य म्हणजे आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी होती. या सभागृहात जे साठीच्या पुढचे आहेत, त्यांतले बहुतेक जण अशाच एखाद्या बहिणीच्या कडेवर वाढलेले आहेत. माय पहाटे शेणपाणी करून बांधीवर जायची. मागे ही पोर धाकट्याला कडेवर मारून घर झाडायची, पेज भरवायची, नदीवरून पाणी आणायची. आपण सगळे त्या ताईची आठवण फार हळवे होऊन सांगतो. परंतु त्या ताईची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, हे विचारले तर सभागृह जरा गप्प होते. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना हा खर्च जमेस धरला पाहिजे. तो खर्च एका मुलीने भरला होता.

आज ती ताई नाही, आणि नाही हे फारच चांगले झाले. पण तिच्या जागी कोण आले? दोन लेकरांच्या घरात थोरले धाकट्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे असते. ते दुसऱ्याला सांभाळू शकत नाही, त्यालाच सांभाळावे लागते. आजी गावी, आम्ही तालुक्याला, काका नागपूरला. म्हणजे दोन लेकरे आणि दोन माणसे; आणि त्या दोघांपैकी एक जण घराबाहेर गेला, की दोन लेकरे आणि एक माणूस.

आमच्या घरची सकाळ सांगतो. साडेपाचला धाकटा उठतो. हा गृहस्थ उठला, की घर उठलेच पाहिजे असा त्याचा दंडक आहे. नळाला पाणी येते त्याच वेळी थोरली वेणीसाठी बसते. वेणी घालणारे हात एक, पाणी भरणारे हात दुसरे, आणि धाकटा त्या वेळी तांदळाच्या डब्यात. भात, वरण, एखादी भाजी, तिचा डबा. मग तिचा मोजा सापडत नाही. मोजा न सापडणे हा आमच्या घरातला रोजचा विधी आहे. पावणेआठला दारात रिक्षा वाजते. या सव्वादोन तासांत दोन मोठी माणसे एकमेकांशी जी वाक्ये बोलतात, त्यांना प्रपंचातला संवाद म्हणायचे असेल तर म्हणा: 'झाकण लावले का?', 'त्याला धर', 'ती रडतेय बघ.'

या धावपळीचा आम्हांला त्रास होतो खरा, पण आमचे लक्ष दुसरीकडे आहे. ते थोरलीकडे आहे. धाकटा जन्मला त्या दिवशी ती साडेतीन वर्षांची होती. सकाळपर्यंत ती घरातले लहान मूल होती आणि संध्याकाळी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक माणसाने तिला सांगितले, 'आता तू मोठी झालीस हो!' साडेतीन वर्षांच्या जिवाला एका दिवसात मोठे करण्याचा हा अधिकार पाहुण्यांना कोणी दिला, कोण जाणे. पुढे महिनाभर ती बाटलीने दूध मागू लागली, रात्री अंथरूण ओले करू लागली. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, 'लाडावली.' लाडावली नव्हती; तिची जागा गेली होती, आणि ती जागा परत मागण्याची तिला ठाऊक असलेली रीत एवढीच होती.

आपल्याकडे तान्हा पोळा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मिळवितात. विदर्भाबाहेरच्यांना हा सण सांगून कळत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी बैल एकच, तोही थोरलीचा, चाकांचा, गळ्यात घुंगरू. धाकट्याने तो पाहिला आणि दोन्ही हातांनी शिंगे धरली. दारात उभ्या असलेल्या चार बायांनी एकदम निवाडा दिला: 'दे ना बाई त्याला, तू मोठी आहेस ना!' थोरलीने आमच्याकडे पाहिले. ते पाहणे आम्ही विसरणार नाही. बैल तिचाच राहिला. धाकटा अर्धा तास रडला, आळीतल्या सर्वांनी ऐकले, आणि दुसऱ्या कोणी दिलेल्या केळ्यावर गप्प झाला. कोणी म्हणेल, लहानाला रडविले. परंतु दीड वर्षाच्या मुलाचे रडणे केळ्याने मिटते. मोठेपणाच्या नावाखाली हातची वस्तू गेली म्हणजे पाच वर्षांच्या मुलीच्या मनात जे बसते ते केळ्याने मिटत नाही. आणि त्या जागी थोरला मुलगा असता आणि धाकटी मुलगी, तर चार बायांचा निवाडा तोच झाला असता काय, हेही आपण मनाशी विचारून पाहावे.

भिंतीतले एक फडताळ आम्ही तिला दिले आहे. धाकट्याचा हात तेथवर पोचत नाही. रंगखडू, बैल, वैनगंगेच्या वाळूतले काही गोटे, एक तुटका चष्मा असा ऐवज त्यात आहे. रात्री जेवणानंतर अर्धा तास दोघांपैकी एक जण फक्त तिचा असतो. बालशिक्षणाच्या पुस्तकात याला मोठे नाव असेल. आमच्या घरी त्याला 'माझी पाळी' म्हणतात.

मोबाइलविषयी आम्ही बोलावे अशी काहींची अपेक्षा असेल. त्यावर वर्तमानपत्रांत रोज येते. एवढेच सांगतो की, एकट्या बाईच्या हातात पोळीचे पीठ असताना रडत्या मुलापुढे कोणी मोबाइल धरला, तर आधी त्या घरात दुसरे माणूस कोठे आहे ते पाहावे आणि मग टीका करावी.

आता ते दुसरे माणूस. हल्लीचा बाप लेकराला खेळवितो, त्याचे फोटो काढतो, बाजारातून खाऊ आणतो. हे पूर्वीच्या मानाने पुष्कळ आहे. आमच्या आजोबांनी चारचौघांत स्वतःचे मूल कडेवर घेतले नसते. पण खेळविणे निराळे आणि सांभाळणे निराळे. खेळविणारा मूल ओले झाले की हाक मारतो. सांभाळणाऱ्याला हाक मारायला कोणी नसते. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. रात्रभर नाटक. पुरुषमंडळी पुढे. मागे ताडपत्रीवर बाया बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक झोपलेले, शेजारी एक आडवे. तिसऱ्या अंकात नायिका काय म्हणाली ते या बायांना विचारा. निम्म्या जणी त्या वेळी कोणाला तरी बाहेर घेऊन गेलेल्या असतात. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांना बाळंतपणाच्या वेळी पंधरा दिवसांची रजा मिळते. बायकांच्या प्रसूतिरजेचा कायदा १९६१ साली झाला; २०१७ साली ती रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. नोकरीतल्या बाईला ती मिळते. बांधीतल्या बाईला नाही.

आणि येथे आम्हांला आमचे घर सोडून बोलावयाचे आहे. आमच्या घरी निदान छप्पर पक्के, दोघांपैकी एकाचा पगार ठरलेला. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, तरी ही ओळख बदलली नाही. रोवणीच्या दिवसांत खेड्यातली प्रत्येक धडधाकट बाई चिखलात असते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या पडतात, टोळी ओणवी होते आणि गुत्त्याचे काम असल्याने मध्ये थांबता येत नाही. त्या वेळी दोन लेकरांच्या घरातली लेकरे कोठे असतात? दीड वर्षाचे झोळीत, धुऱ्यावरच्या झाडाला टांगलेले. पाच वर्षांचे तिच्याखाली बसलेले. वर पाऊस, खाली विंचूकाटा, आणि हाकेच्या अंतरावर तुडुंब भरलेली बोडी. पाच वर्षांचे मूल बोडीकडे किती वेळ पाहत बसेल आणि केव्हा उठेल, याचा भरवसा कोणत्याही आईला नसतो. ती ओणवी असताना दर दहा रोपांमागे एकदा मान वर करते. तिच्या मजुरीत ही मान वर करणे धरलेले नसते.

ज्या घरी विडीकाम आहे तेथे आई घरीच असते, म्हणून बरे, असे आपण म्हणतो. जाऊन पाहावे. मांडीवर सूप, सुपात जरदा आणि कापलेली तेंदूची पाने. हजार विड्या झाल्याशिवाय हिशेब जुळत नाही, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे मिळत नाहीत. रांगते पोर सुपाकडे येते. त्याला एका पायाने अडवीत हात चालू ठेवायचे. थोरले दोरा देते, टोके मुडपते. १९६६ च्या विडी कायद्यात कारखान्यातील पाळणाघराची तरतूद होती. काम घरोघर वाटले गेले आणि पाळणाघर कारखान्यातच राहिले. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीच्या कामाला मुले लावण्याची मनाई केली, परंतु घरच्या घरी कुटुंबासोबत चालणाऱ्या कामाला त्यातून वगळले. ती सवलत पुढे अनेक वर्षे होती. मधल्या वर्षांत दोरा देणारी मुले आज स्वतः आईबाप आहेत.

अंगणवाडी आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि तिच्यामागची कल्पना फार थोर आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. पण अंगणवाडीत बसते ते तीन वर्षांवरचे मूल, आणि तेही काही तासांपुरते. दोन लेकरांपैकी जे धाकटे, ज्याला खरोखर राखण हवी, त्याला घरी न्यायचा आहार मिळतो, राखण मिळत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने हे ओळखले होते: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांना सांभाळण्याचे काम एका बाईला द्यावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, असे त्यात होते. म्हणजे मूल सांभाळणे हे काम आहे, एवढे तरी एकदा कागदावर लिहिले गेले.

तेच रोवणीला का लागू करू नये? वीस बायांच्या टोळीने दिवसाचे दहा-दहा रुपये बाजूला काढले तर दोनशे होतात. आणखी तितकेच शेतमालकांनी घालावे. रोवणी वेळेवर होण्यात त्यांचा फायदा आहे. तेवढ्यात गावातल्या दोन म्हाताऱ्या, ज्यांची कंबर आता वाकत नाही पण नजर शाबूत आहे, दिवसभर मुलांपाशी बसतील. पुरुषांनी एका दिवसात बांबूचे कुंपण आणि फाटक करावे. पेज अंगणवाडीच्या चुलीवर शिजेल. जातीचा प्रश्न निघेल, आम्हांला ठाऊक आहे. कोणाच्या हातची पेज, कोणाचे मूल कोणाच्या मांडीवर. तो निघू द्यावा आणि मुले एकत्र बसवावीत. बोडी कोणाला जात विचारत नाही. महिना-सव्वा महिन्याचा कारभार आहे. त्याला इमारत नको, अनुदान नको, उद्घाटन तर मुळीच नको. समाजमंदिर बहुतेक गावी आहे आणि रोवणीच्या दिवसांत ते रिकामेच असते.

आर्द्रा लागायला अजून दोन महिने आहेत. आज खेड्यांवरून जे आले आहेत, त्यांनी परत गेल्यावर समाजमंदिराची किल्ली कोणापाशी असते एवढे विचारून ठेवावे. घरी थांबलेल्या माणसाची पाळी नऊ वाजता संपते, तेव्हा आम्ही रजा घेतो.