निदान वेळेवर व्हावे म्हणून
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोगनिदान हा माझा अधिकार नव्हे. तथापि देणगीचा विनियोग कोठे करावा, हा प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर येतो. त्या संदर्भात दोन उदाहरणे मांडतो.

ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५५ पासून, कारखान्यांत धातूमधील दोष शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र रोगनिदानासाठी वापरून पाहिले. जठराचा असाध्य कर्करोग ठरविलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची द्रवाने भरलेली गाठ असल्याचे त्यातून दिसले. शस्त्रक्रिया झाली आणि तिचे प्राण वाचले. हे संशोधन १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज सोनोग्राफी पित्ताशयातील खडे, यकृतातील गळू क्ष-किरणांविना दाखविते. मात्र आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड झाकले गेल्यास सीटी स्कॅनचा आधार घ्यावा लागतो. आणि प्रतिमेचा अर्थ लावण्यास अनुभवी तज्ज्ञच हवा.

दुसरे उदाहरण नेत्रविकाराचे. कॅनडातील लॅब्राडोरचा बर्फाळ किनारा आणि तांबड्या समुद्रातील दाहलाक बेटांची तप्त वाळू, ही हवामानाची दोन टोके. तरीही दोन्हीकडे उघड्यावर राबणाऱ्यांच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्यात तेलाच्या थेंबांसारखे पिवळसर कण साचून दृष्टी मंदावल्याचे आढळले. बर्फावरून वा वाळूवरून परावर्तित होणारे अतिनील किरण, जोडीला वारा व धूलिकण, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. आपल्याकडे शेतात, मिठागरात राबणाऱ्यांच्या डोळ्यांत मांस वाढण्याचा विकारही या किरणांशीच निगडित आहे. रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडविणारा चष्मा हे त्यावरील स्वस्त संरक्षण होय.

पोटाच्या विकारास यंत्र हवे, डोळ्यांच्या या विकारास वेळीच काळजी. दोन्हीकडे शत्रू एकच : विलंब. तपासणीचे शुल्क परवडत नाही म्हणून अनेकजण दुखणे अंगावर काढतात. यंत्राची खरेदी एकदाच होते. देखभाल, तंत्रज्ञ आणि तज्ज्ञ यांचा खर्च मात्र दरमहा येतो. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, गरीब रुग्णाच्या तपासणीवर वा मजुराच्या चष्म्यावर ते कोरता येत नाही. तरीही आपल्या दानातील काही वाटा त्यासाठी राखून ठेवावा, ही नम्र विनंती.