आकाशातली ओळख
(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



परग्रहावर कुणी राहतं का, हा विषय मी सुचवला तेव्हा आपल्यातलीच एक जण म्हणाली, "आधी इथल्या नळाला पाणी येऊ दे." तिचं बरोबरच आहे. तरी मी बोलणार आहे, कारण त्या न पाहिलेल्या पाहुण्यांना माणसांनी स्वतःची ओळख कशी करून दिली, यात आपलाही हिशेब आहे. घरी कुणी आलं की पुढे होऊन बोलतं कोण आणि दाराआड उभं राहतं कोण, ते आपल्याला माहीत आहे.

1972 साली अमेरिकेने पायोनियर 10 हे यान गुरूकडे सोडलं. पुढे ते सूर्यमालेबाहेर जाणार होतं, म्हणून त्यावर ॲल्युमिनियमची एक पाटी बसवली. वहीच्या पानाएवढी. कल्पना कार्ल सेगन आणि फ्रँक ड्रेक यांची, चित्र लिंडा साल्झमन सेगन यांनी काढलेलं. त्यात सूर्याचा ठावठिकाणा आहे आणि शेजारी एक पुरुष नि एक बाई, दोघं विवस्त्र. पुरुषाने हात उंचावून अभिवादन केलंय. बाईचे हात खाली. दोघांनीही हात वर केले तर परग्रहवासीयांना वाटेल की माणसाचा हात कायम तसाच असतो, असं त्यावर स्पष्टीकरण होतं. ठीक आहे. मग तो एक हात बाईचा का नको?

आणखी एक गोष्ट. पुरुषाचं लिंग चित्रात आहे, बाईच्या योनीची एवढीशी रेघ मात्र नाही. ती ठेवली तर नासाची मंजुरी मिळणार नाही, अशी धास्ती होती. अब्जावधी मैल दूरच्या, डोळे आहेत की नाहीत हेही ठाऊक नसलेल्या कुणापुढे आपण बाईचं शरीर झाकलं! त्या वेळी स्त्री चळवळीतल्या बायकांनी यावर टीका केली होती.

पाच वर्षांनी व्हॉयेजरची दोन यानं निघाली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात शंभरावर चित्रं, 55 भाषांतले नमस्कार (मराठीतलाही), आणि जगभरचं संगीत. गरोदर बाई आणि पुरुष हातात हात घालून विवस्त्र उभे आहेत, असा फोटो नासाने नाकारला. त्याची फक्त बाह्याकृती गेली. पण संगीतात आपली एक बाई गेली. सूरश्री केसरबाई केरकर. भैरवी. साडेतीन मिनिटांच्या आसपासचं गाणं.

केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या, जन्म 1892 चा, कलावंत समाजातला. ज्या बायकांचं गाणं समाजाला हवं असे, पण ज्यांना बरोबरीने बसवून घ्यायची कुणाची तयारी नसे, त्यांतल्या एक. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळवायला त्यांनी चिकाटी धरली. 1921 पासून ती मिळाली. मैफलीत त्यांचा दरारा असायचा, आणि बाईचा दरारा म्हटलं की लोक त्याला लगेच तापटपणा म्हणतात, तसं त्यांच्याबद्दलही बोललं गेलं. ध्वनिमुद्रित गाणं त्यांनी फार थोडं मागे ठेवलं. त्यातलंच हे एक.

त्या चिजेचं नाव 'जात कहाँ हो'. एकट्या निघालेल्या तरुणीला विचारलेला प्रश्न. आपल्याला हा प्रश्न घरातून, शेजारातून, चौकातून किती वेळा येतो, सांगायला नको. आता तो घेऊन एक यान एकटंच चाललंय, सुमारे 2,500 कोटी किलोमीटरवर पोचलंय. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला जवळजवळ एक दिवस लागतो. व्हॉयेजर 1 हे 5 सप्टेंबर 1977 ला निघालं. केसरबाई 16 सप्टेंबरला गेल्या.

हे झालं सांगण्याचं. ऐकायला कोण बसलं होतं?

1967 साली केंब्रिजला जोसेलिन बेल ही 24 वर्षांची विद्यार्थिनी स्वतः खपून उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासत होती. रोज तीसेक मीटर कागद, डोळ्यांनी. त्यात पाव इंचाची एक खूण तिला खटकली. पुढे कळलं, दर 1.33 सेकंदाला एक ठोका. इतका नियमित, की थट्टेने त्याचं नाव 'लहान हिरवी माणसं' असं ठेवलं. मग आकाशाच्या दुसऱ्याच भागात तिला तसाच एक ठोका सापडला, आणि परग्रहवासी मागे पडले. तो पल्सार होता, गरगर फिरणारा मेलेला तारा. पत्रकार तिच्या मार्गदर्शकांना शास्त्र विचारत आणि तिला छाती-कमरेची मापं. 1974 चं नोबेल मार्गदर्शक हेविश आणि राइल यांना मिळालं. तिने तक्रार केली नाही. 2018 मध्ये 30 लाख डॉलरचं एक बक्षीस मिळालं, ते सगळं तिने भौतिकशास्त्रात ज्यांना वाव मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला दिलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आकाशदर्शनाच्या सहलीला नावं द्या म्हटलं की मुलगे पटापट देतात. मुलींच्या घरून चिठ्ठी येते, 'रात्रीचं जमणार नाही.' तारे दिवसा दाखवायची सोय नाही. जिला पंधराव्या वर्षी रात्री माळावर उभं राहता येत नाही, तिने पुढे दुर्बिणीपर्यंत पोचायचं कसं? गेल्या हिवाळ्यात आम्ही आयांनाच बरोबर यायला सांगितलं. चौदा मुली आणि नऊ आया आल्या, भाकऱ्या बांधून. मी रोहिणी दाखवली आणि सांगितलं, तिथून आज कुणी पाहत असेल तर त्याला 65 वर्षांपूर्वीची पृथ्वी दिसेल. एक आई जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "म्हंजे माझी आई दिसंल, लहान. तिला शाळेत घातलंच नव्हतं."

यंदा डिसेंबरात अमावास्येच्या जवळचा शनिवार धरला आहे. वाहन एकच आहे, त्यामुळे नावं आजच द्या.