मानाचे ताट



पाथर्डी-शेवगावच्या दुष्काळी पट्ट्यात अनेक वृद्धांचा वाढदिवस १ जूनला येतो. जन्माची नोंद कुठेच नव्हती, म्हणून शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लिहून टाकली. ऊसतोडीचा हंगाम आटोपून मजूर तोवर गावी परतलेला असतो. अशा एखाद्या मजुराला साठ वर्षे पूर्ण होतात आणि चाकणच्या कारखान्यात नोकरीला लागलेला मुलगा आईवडिलांना उंची हॉटेलात जेवायला नेतो. जन्मभर कोपीतल्या चुलीपुढे भाकरी-ठेचा खाल्लेले ते जोडपे प्रथमच पांढऱ्याशुभ्र चादरीच्या टेबलाशी बसते. पदार्थांची यादी इंग्रजीत असते, काटा कोणत्या हातात धरावा हे उमगत नाही आणि अदबीने वाढणाऱ्या पोरसवदा कामगारापुढे बाप संकोचून जातो.

या प्रसंगाकडे समाजवादी कार्यकर्त्याने कसे पाहावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. श्रीमंतांची चैन श्रमिकाच्या घरात शिरली, असा निवाडा काही जण चटकन देतील. तो निवाडा घाईचा आहे आणि अन्यायाचाही.

याच जिल्ह्याच्या इतिहासातील एक लहानशी घटना येथे उपयोगी पडते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या श्रेष्ठ नेत्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. समाजवादी विचारवंत आचार्य नरेंद्र देवही त्यांत होते. पहिले जेवण लोखंडी ताटल्यांतून आले, तेव्हा मौलाना आझादांनी तुरुंगाधिकाऱ्याला स्पष्ट सांगितले की, आम्हांला चिनी मातीच्या ताटांत जेवण्याची सवय आहे. अधिकाऱ्याने दिलगिरी व्यक्त केली आणि दुसऱ्या दिवशी तशी ताटे आणण्याचे मान्य केले. मौलानांनी स्वतःच ही हकीकत आपल्या आठवणींत नमूद केली आहे. या मागणीला चैन म्हणता येणार नाही. कैदेतही माणसाने मान सोडू नये, एवढाच तिचा अर्थ. परंतु सामान्य कैद्याला अशी मागणी करण्याचे सामर्थ्य नव्हते, हेही तितकेच खरे. दोष चिनी मातीच्या ताटाचा नव्हे. ते ताट मागण्याचा अधिकार मोजक्यांपुरता उरतो, हा खरा दोष आहे.

आता हिशेब पाहा. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपये झाला. उंची हॉटेलातील एका माणसाचे जेवण दोन हजारांना पडले, तर ती जवळजवळ साडेपाच टन ऊस तोडल्याची मजुरी झाली. बिल पाहून बापाचा घास घशात अडकतो तो यामुळे. त्याच्या संकोचाचे मूळ अडाणीपणात नाही, मजुरीच्या दरात आहे. आणि जो पोरगा वाढतो आहे, त्यालाही आपल्या आईवडिलांना त्या टेबलाशी बसवणे परवडणारे नसते. दोघे एकाच वर्गाचे, पण मधली चादर त्यांना परके करते.

तथापि या जेवणात एक गोष्ट अशी घडते की, तिच्यापुढे हिशेब थिटा पडावा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. फडात ती त्याच्या बरोबरीने राबते आणि कोपीवर आल्यावर चूलही तिचीच. सर्वांना वाढून झाल्यावर टोपल्यात जे उरेल, ते तिचे जेवण. त्या संध्याकाळी मात्र ती बसलेली असते आणि दुसरे कोणीतरी तिच्यापुढे ताट आणून ठेवते. मुलाने खर्चलेल्या पैशांचे चीज होते ते येथे.

म्हणून कार्यकर्त्याने त्या कुटुंबाला उपदेश करू नये. तोडणीचा दर आणि हॉटेल कामगाराचे वेतन यांसाठी त्याने झगडावे, कारण साठ वर्षांतून एकदा मिळणारा मान हा मान नव्हे, तो अपवाद होय. पण संघर्षाचा एक भाग मोर्चावाचूनही पार पडण्याजोगा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरात ती माउली पुन्हा सर्वांच्या शेवटी जेवणार असेल, तर आदल्या रात्रीच्या शुभ्र चादरीने काहीच शिकवले नाही असे म्हणावे लागेल. तिचे पान आधी वाढण्यासाठी कोणत्याही सरकारची मंजुरी लागत नाही; कार्यकर्त्यांच्या घरी तर मुळीच लागू नये.